ओटीच्या खणाला कात्री लावणाऱ्या भोईरबाई

अंबरनाथ स्थानकाच्या पश्चिमेला, रिक्षांच्या रांगेमागे, कोणा उत्साही मंडळाने एक भिंत रंगवून तिला माणुसकीचे नाव दिले आहे. ज्याला जे नकोसे झाले असेल ते त्याने तिथल्या खिळ्यांना टांगावे आणि ज्याला हवे असेल त्याने काढून न्यावे, अशी ती योजना. गेल्या आठवड्यात मी त्या भिंतीची पाहणी केली. बाही फाटलेला रेनकोट, कोणाच्या तरी लग्नातल्या फेट्याचा विटलेला तुकडा, एकटा मोजा आणि पुरुषांची काही अंतर्वस्त्रे, ज्यांचे वर्णन मी नगरपालिकेला लिहिलेल्या पत्रात केले आहे, येथे करत नाही. कचरा रस्त्यात टाकला तर दंड आणि तोच खिळ्याला टांगला तर पुण्य, हा भेद कोणत्या कलमान्वये केला जातो, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर आलेले नाही. पोच माझ्याकडे आहे.

ते पत्र लिहिताना मला भोईरबाई आठवल्या. त्या आता नाहीत. असत्या तर त्यांनी पत्र लिहिले नसते. त्यांनी भिंतीवरचे सगळे उतरवून पिशवीत भरले असते, ज्याने ते टांगले त्याचे घर चौकशी करून शोधले असते, आणि भर दुपारी बेल वाजवून त्याचे दान त्याच्या हातात परत ठेवले असते. हे मी कल्पनेने लिहीत नाही. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत त्यांनी हे केलेले आहे.

आमची इमारत पश्चिमेलाच. तिसऱ्या मजल्यावर मी व सौ., दुसऱ्यावर भोईर पतिपत्नी, पहिल्यावर संस्थेचे सेक्रेटरी सामंत. भोईर एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. ऐकू कमी येई, त्यामुळे स्वभाव शांत. बाईंचे माहेर बदलापूर गावातले, जुने शेतकरी घर. उंच, काटक बांधा, नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा, आणि इतर बायका जिथे किल्ल्यांचा जुडगा खोचतात तिथे यांच्या कमरेला नाडीने बांधलेली कात्री. ती कात्री त्या भाजीबाजारातही घेऊन जात. एरवी बोलणे आमच्यातुमच्यासारखे. राग आला की मात्र त्या गावच्या बोलीवर उतरत आणि समोर कोण आहे याची पर्वा न करता अरे-तुरे करत. मला त्या 'वकीलसाहेब' म्हणत. मी वकील नाही. एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेतून मी निवृत्त झालो, आणि हा फरक मी त्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगितला. "बरं, वकीलसाहेब," असे त्या म्हणत.

त्यांचा उद्योग असा: लोकांकडून जुने कापड मागायचे, त्याच्या गोधड्या शिवायच्या, आणि उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात रुग्णांचे जे नातेवाईक रात्रीचे उघड्यावर पडलेले असतात त्यांना नेऊन द्यायच्या. आजाऱ्याला आत खाट मिळते. त्याच्याबरोबर गावाहून आलेल्या भावाला, सासूला, बायकोला फरशी मिळते. हा उद्योग त्यांनी केव्हा आणि कशावरून सुरू केला हे मी विचारले नाही. एकदा सौ.ने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथली फरशी मी पाठीने ओळखते." अधिक काही बोलल्या नाहीत. एरवी अधिक बोलण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

आमची ओळख भांडणातून झाली. कापडाची गाठोडी घरात मावेनात तेव्हा त्यांनी ती जिन्यात रचली. जिना ही सामाईक जागा आहे आणि आग लागल्यास बाहेर पडण्याची एकमेव वाट आहे. मी संस्थेला पत्र दिले व त्याची प्रत सौजन्य म्हणून बाईंनाही दिली. त्यांनी ती दारातच उभ्याने वाचली, चष्मा वर ढकलला आणि म्हणाल्या, "मना कायदा नको सांगूस, वकीलसाहेब. आग लागंल तेव्हा लागंल. तिकडं मान्सं आज थंडीत निजतान."

मी दुसरे पत्र दिले. मग तिसरे. काही दिवसांनी कुठल्याशा कारणाने त्यांच्याकडे गेलो, तर भोईर टीव्हीसमोर बसून सुयांत दोरे ओवत होते आणि बाई ठिगळांचे चौकोन कापत होत्या. मापासाठी त्यांनी पुठ्ठ्याचा एक चौकोन केला होता. पुठ्ठा मऊ पडू नये म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना कागद चिकटवला होता. वरच्या बाजूस माझी सही होती. माझ्या तिन्ही पत्रांच्या प्रती कामी आल्या होत्या. "तुमचा कागद जाड असतो," त्या म्हणाल्या. मी हयातभर पत्रे लिहीत आलो आहे. माझ्या पत्राचा इतका नियमित उपयोग कोणत्याही कार्यालयाने केल्याचे मला माहीत नाही.

अखेर संस्थेने जिना मोकळा करवला आणि बाईंना गच्चीवरची, पाण्याच्या टाकीशेजारची खोली वापरायला दिली. तिथे पूर्वी गणपतीच्या मखराचे मोडके सांगाडे पडलेले असत. जिन्याच्या बाबतीत मी जे म्हणत होतो तेच बरोबर होते आणि आजही आहे.

खोली मिळाल्यावर बाईंनी दान स्वीकारण्याची पद्धत घालून दिली. माझ्या मते तिच्यावरून अनेक धर्मादाय संस्थांनी धडा घ्यावा. अर्थात मग त्यांना दान मिळणार नाही. कपडा आला की त्या तो उलगडून उजेडात धरत आणि मग गालावर घासत. गालाला जे टोचले ते परत. धुतलेले नसेल ते परत. टेरीलीन, पॉलिस्टर, टिकल्या लावलेली ओढणी, मुलीच्या स्नेहसंमेलनातला परीचा झगा, सगळे परत. परतही कसे? वॉचमनकडे ठेवून नव्हे. स्वतः जिना उतरून, बेल वाजवून, कारण सांगून. "हे पांघरून तुमच्या आईला झोप लागेल का?" एवढा एकच प्रश्न त्या विचारत, आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहत. ही वाट पाहणे लोकांना फार झोंबे.

सामंतांनी एकदा गाडी पुसायचे फडके म्हणून वापरून झालेली चादर वर पाठवली. ती परत आल्यावर ते मला म्हणाले, "अहो, फुकट देतोय तर हिचे नखरे बघा. घेणाऱ्याला काही वाटत नाही, हिलाच वाटतं." मी त्यांना विचारले, घेणाऱ्याला काही वाटत नाही हे त्यांना कोणी सांगितले. त्यावर त्यांना पार्किंगच्या जागेत काहीतरी काम निघाले.

कॅम्प तीनची हकीकत याच काळातली. उल्हासनगरच्या त्या भागात जीन्स शिवणाऱ्यांची दुकाने आणि कारखाने एकमेकांच्या मांडीवर बसावेत तसे बसले आहेत. तिथल्या एका सिंधी कारखानदाराने, गोपसेठ त्यांचे नाव, बाईंना निरोप धाडला की कापणीतल्या चिंध्यांचे पोते देतो. जीन्सचे कापड अंगावर घ्यायला जड, पण फरशीवर अंथरायला त्यासारखे दुसरे नाही, म्हणून बाईंना ते हवे होते. त्यांनी मला बरोबर चलण्याची विनंती केली. मला वाटले, सोबत हवी असेल. शेअर रिक्षात बसल्यावर कळले की मला नेण्याचे कारण माझा काळा कोट होता. थंडीचे दिवस होते आणि माझ्याकडे तेवढा एकच कोट आहे.

गोपसेठ अगत्याने पुढे आले. "आओ साईं, आओ ताई. पुण्य का काम आहे, पूरा बोरा उचला." बाईंनी पोते उचलले नाही. दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मधोमध, त्यांनी बसकण मारली आणि पोते तिथेच उपडे केले. वरचा थर चांगल्या तुकड्यांचा होता. त्याखाली झाडलोट होती: मोडक्या चेना, पितळी बटणे, दोऱ्यांचे गुंते, बिडीची थोटके आणि एक चहाचा कप. बाई निवडू लागल्या. कापड एका बाजूला, कचरा दुसऱ्या. गिऱ्हाइके थबकून पाहू लागली. एकाने विचारलेही, काय झाले, माल खराब निघाला का?

"ताई, अंदर बसून निवडा ना," गोपसेठ काकुळतीला आले. "इथे धंदा आहे."

"पुण्याचं काम आहे, सेठ. लोकांनी बघू दे की."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केले आणि हे वकील आहेत, असे सांगितले. मी तत्काळ खुलासा केला की मी वकील नाही, माझ्याकडे सनद नाही आणि मी कोणाचेही वकीलपत्र घेतलेले नाही. इतक्या नेमक्या शब्दांत नकार देणारा माणूस वकीलच असणार, असा गोपसेठांचा समज झाला. त्यांनी आतून अख्ख्या ताग्याची शेवटची पट्टी आणून दिली, कोरी, आणि वर चहा पाजला. बाईंनी चहा घेतला, पट्टी गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "ही धुऊन घ्यावी लागेल. खळ फार आहे." त्या दिवसापासून गोपसेठांकडून पोती येत ती निवडलेली येत. गोपसेठ प्रत्येक खेपेस माझी प्रकृती विचारत, असे बाई सांगत.

आता कात्रीकडे येतो.

आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असते आणि सवाष्णीची ओटी भरताना खण देतात. पूर्वीचा खण अंगावर चढत असे. हल्लीचा ब्लाउजपीस चढत नाही. तो मिळालेली बाई त्याची घडी मोडत नाही. तो कपाटात जातो, आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या बाईच्या ओटीत पडतो. असे ब्लाउजपीस वर्षानुवर्षे या घरातून त्या घरात फिरत राहतात. त्यांचे मूळ कोणाला माहीत नसते आणि शेवट नसतोच. मालमत्तेच्या हस्तांतराचा असा अखंड प्रवाह कायद्याच्या इतर कोणत्याही क्षेत्रात मी पाहिलेला नाही.

पुढचे मी सौ.च्या साक्षीवरून लिहितो. तिची साक्ष मी कोणत्याही न्यायालयात विश्वासार्ह मानीन. सामंतबाईंकडे हळदीकुंकू होते. भोईरबाईंच्या ओटीत एक पोपटी ब्लाउजपीस पडला, सोनेरी ठिपक्यांचा. बाईंनी तो हातात घेऊन फिरवला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाल्या, "हा मीच दिला होता. घडीला मीच हळद लावली होती, ही बघा." मग त्यांनी कमरेची कात्री काढली आणि त्या खणाचा एक कोपरा कापून टाकला. "आता हा कुठे जाणार नाही. आता ह्याची गोधडी होईल."

सवाष्णीच्या ओटीतल्या खणाला, तेही ओटी भरून क्षण उलटला नसताना, कात्री. सामंतबाईंच्या हातातली अत्तरदाणी तशीच राहिली. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या हंगामात ज्या ज्या घरी त्या गेल्या, त्या त्या घरी मिळालेल्या खणाचा कोपरा त्यांनी यजमानीणबाईसमोर कापला. कोपरा कापलेला खण पुढे देता येत नाही, हे त्यांनी बरोबर हेरले होते. सौ. म्हणे, "चांगलं सुती, टू बाय टू कापड आयुष्यभर नुसतं फिरत राहतं आणि तिकडे माणसं कुडकुडतात, असं त्या म्हणतात." मी विचारले, मग तू तुझ्या कपाटातले का देत नाहीस? ती म्हणाली, ते द्यायला लागतात. कोणाला? ओटीत. हा युक्तिवाद वर्तुळाकार आहे असे मी नमूद केले. चहा उशिरा मिळाला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भोईर आजारी पडले. मधुमेह जुना, मूत्रपिंडे थकलेली, वयही झालेले. बाईंनी त्यांना उल्हासनगरच्या त्याच रुग्णालयात नेले. काही दिवस आत ते खाटेवर आणि बाहेर बाई त्यांनीच शिवलेल्या अंथरुणावर, अशी व्यवस्था होती. भोईर गेले. पुढे इमारतीत जे बोलले गेले ते मी येथे लिहिणार आहे, कारण ते जिन्यात, लिफ्टशी आणि कट्ट्यावर मोकळेपणी बोलले गेले होते: ओटीला कात्री लावली, त्याचे हे फळ. डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूचे कारण स्पष्ट लिहिलेले असताना सुशिक्षित माणसांनी ते एका कात्रीवर ढकलावे, याला कार्यकारणभाव म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

परिणाम मात्र लगेच झाला. गच्चीवर कापड येणे थांबले. ज्या घरांतून चादरी, जुन्या नऊवारी, मऊ धोतरे येत, त्या घरांची दारे बाईंना पाहून अर्धवट उघडू लागली. आणि दिवाळी उलटताच सामंतांनी सर्वसाधारण सभेत ऐनवेळचा विषय म्हणून मांडले की गच्चीवरची खोली संस्थेने परत घ्यावी. थंडी सुरू झाली होती. ती खोली गेली तर पोती ठेवायला जागा नाही, कापड ताणायची चौकट मांडायला जागा नाही, म्हणजे त्या हिवाळ्यात एकही गोधडी नाही. हे बाईंनाही कळत होते आणि सामंतांनाही.

सभेला एरवी पुरुष येतात. त्या दिवशी बायकाही आल्या होत्या, आणि मागच्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या होत्या. सामंतांनी खोली काढून घेण्याचे कारण म्हणून आगीचा धोका सांगितला आणि आधार म्हणून एक जुने पत्र मोठ्याने वाचून दाखवले. भाषा ओळखीची वाटली. ते पत्र माझे होते.

मी उठणार तोच मागून सामंतबाई म्हणाल्या, "बोलू नये, पण कोणीतरी बोलायला हवं. सवाष्णीच्या ओटीला कात्री लावली आणि वर्ष फिरलं नाही तोवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. असल्या गोष्टी आपल्या डोक्यावर, गच्चीत कशाला?"

भोईरबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. लोकांना वाटले, गेल्या. त्या जिना चढून घरी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा खांद्यावर एक घडी होती. ती त्यांनी सभेच्या टेबलावर, इतिवृत्ताच्या वहीवर आणि सामंतांच्या हातातल्या माझ्या पत्रावर, पसरली. गोधडी होती. पोपटी, जांभळी, मोरपंखी, राणी रंगाची. एकाआड एक चौकोन, बारीक धावदोऱ्याने शिवलेले. त्या हंगामातले सगळे खण.

प्रथम कोणी जवळ गेले नाही. मग मागच्या रांगेतली एकजण पुढे आली आणि जांभळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, हा माझा. मग दुसरी. पोपटी ठिपक्यांच्या चौकोनावर तर सौ.ने, सामंतबाईंनी आणि तळमजल्यावरच्या एका वहिनींनी एकाच वेळी हक्क सांगितला. तिघींचेही खरे होते. तो तिघींच्याही घरून गेला होता.

"हे शेवटचे ह्याच्याखाली निजले," भोईरबाई म्हणाल्या. राग नव्हता, त्यामुळे भाषाही शहरातली होती. "तुम्ही सगळ्यांनी मला सवाष्ण म्हणून दिलेलं कापड. ज्यांच्यामुळे मी सवाष्ण, त्यांच्या अंगावर घातलं. त्यांना शेवटपर्यंत शुद्ध होती. एकदा म्हणाले, ऊब आहे. त्यांना काही अशुभ लागलं असतं तर मला सांगितलं असतं. माझ्यापासून त्यांनी काही लपवलं नाही."

मग त्या खाली बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

ती संधी साधून मी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला. मी म्हणालो, सदर पत्र जिन्याविषयी आहे, गच्चीविषयी त्यात एक शब्द नाही, आणि माझ्या लेखनाचा असा विपर्यास मी खपवून घेणार नाही. दुसरे, जागेचा ताबा काढून घेण्यासारखा निर्णय विषयपत्रिकेवर नसताना ऐनवेळी घेता येत नाही. तिसरे, याबाबत निबंधकांचे मार्गदर्शन मागवावे, तोवर आहे ती स्थिती कायम ठेवावी. मार्गदर्शन मागवणारे पत्र मी स्वतः लिहून देतो. सामंत गोधडीखालून माझे पत्र ओढून काढण्याच्या खटपटीत होते. "लिहा," ते म्हणाले. लोकांनी घाईने हात वर केले, कारण प्रत्येकाला तिथून उठायचे होते.

ते पत्र मी लिहिले. उत्तर आजतागायत आलेले नाही. प्रकरण प्रलंबित आहे, आणि प्रलंबित प्रकरणातल्या ताब्याइतका सुरक्षित ताबा आपल्या देशात दुसरा नाही. सरकारी मौन मला आयुष्यात त्या एकदाच मानवले.

सभेनंतर जिन्यात बाई मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाहीत."

"मी माझ्या पत्राच्या बाजूने बोललो. आणि मी वकील नाही."

"तेच म्हणते. माझी कीव करणारे पुष्कळ झाले होते." एवढे बोलून त्या गोधडी खांद्यावर टाकून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी ती त्यांनी रुग्णालयात नेऊन एका म्हातारीला दिली. सौ.ला फार वाईट वाटले. तिचे म्हणणे, निदान तेवढी तरी आठवण म्हणून ठेवायची. बाईंनी तिला विचारले होते म्हणे, "कपाटात?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या बदलापूर गावात भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच थोड्याशा आजारात संपल्या. गच्चीवरच्या खोलीची किल्ली आता सामंतबाईंकडे असते. त्या कापड गालाला लावून पाहतात. कोणी त्याबद्दल काही बोललेले त्यांना आवडत नाही, म्हणून मीही अधिक लिहीत नाही.

पण बाई जाण्यापूर्वीची, सभेनंतरच्या संक्रांतीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. त्या वर्षी हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांना अर्थातच कोठून आले नाही. कायद्याने विधवेला सर्व हक्क दिले आहेत; हळदीकुंकू त्या कायद्यात बसत नाही. मात्र त्या पंधरवड्यात एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. भोईरबाईंच्या दाराच्या कडीला रोज प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या दिसत. आत ब्लाउजपीस असत, घडी घातलेले, आणि प्रत्येकाचा एक कोपरा आधीच, घरच्या घरी, कापलेला. निरोप नाही, नाव नाही. बोलवायचेही नाही आणि द्यायचे तर आहे, अशा पेचातून आमच्या इमारतीने काढलेली ही वाट होती. सौ.ने किती पिशव्या लटकवल्या हे मी तिला विचारले नाही.

ती संध्याकाळ सामंतबाईंच्या हळदीकुंकवाची. मी पहिल्या मजल्यावर, जिन्यात, उभा होतो. सामंतांच्या दारापासून अर्ध्या जिन्यापर्यंत बायकांच्या चपलांचा ढीग पडला होता, सामाईक वाट पूर्णपणे अडली होती, आणि पत्रात काय लिहावे याची मी मनाशी जुळवाजुळव करत होतो. एवढ्यात वरून भोईरबाई आल्या. अंगावर घरची साडी, कमरेला कात्री, हातात कडीला लटकलेल्यांपैकी दोन पिशव्या. मला त्यांनी बाजूला व्हायला सांगितले आणि बेल दाबली.

दार सामंतबाईंनीच उघडले. एका हातात कुंकवाचा करंडा.

"हे दोन पॉलिस्टर आहेत," भोईरबाई म्हणाल्या. "कोपरा कापला म्हणून सुती होत नाहीत. दुसरे द्या."

सामंतबाईंनी पिशव्या घेतल्या. मग दारात आलेल्या बाईपुढे आयुष्यभर जे करत आल्या ते त्यांच्या बोटाने आपोआप केले: ते करंड्यात बुडले, वर उचलले गेले, आणि अर्ध्यावर थांबले. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आले असावे. भोईरबाईंनी कपाळ पुढे केले नाही आणि मागेही घेतले नाही. गालाला लावलेले कापड टोचते की नाही याची खात्री होईपर्यंत त्या जशा स्तब्ध उभ्या राहत, तशा उभ्या राहिल्या, सामंतबाईंकडे पाहत. उत्तराची वाट पाहण्याची त्यांना सवय होती.

पुढे काय झाले ते मला दिसले नाही. सामंतबाई मध्ये होत्या, आणि मग दार लोटले गेले. ऐकीव गोष्ट मी पुरावा म्हणून देत नाही, आणि सौ. त्या दिवशी आत असूनही या एका बाबतीत साक्ष द्यायला तयार नाही. मी स्वतः पाहिले तेवढेच सांगतो. दार लागले तेव्हा भोईरबाई बाहेर नव्हत्या. त्यांच्या चपला होत्या, त्या ढिगाच्या सर्वांत वर, बरोबर जिन्याच्या मधोमध.

वाट अडलेलीच होती. त्याबद्दल मी पत्र दिले नाही.